स्तन इम्प्लांट आणि लिम्फोमा: ‘किती जणींना होतो’ हा आकडा आपल्यापुरता कसा वाचायचा

355 मध्ये 1. 7,000 मध्ये 1. 30,000 मध्ये 1. स्तनाच्या इम्प्लांटमुळे होणाऱ्या लिम्फोमाबद्दल शोधलं की हे तिन्ही आकडे पाठोपाठ समोर येतात आणि वाचणारी गोंधळते. तिन्ही खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या बायकांचे आहेत. आपण यातल्या कुठल्या गटात बसतो हे न पाहता आकडा उचलला, की एक तर उगाच झोप उडते नाहीतर उगाच निर्धास्तपणा येतो. दुसरी चूक जास्त महागात पडते: सूज आल्यावर तपासण्यांचा क्रम चुकतो आणि इम्प्लांटभोवती साठलेल्या ज्या पाण्यातून निदान करता आलं असतं, तेच बेसिनमध्ये ओतलं जातं.

आजाराचं पूर्ण नाव इम्प्लांटशी संबंधित ॲनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा, थोडक्यात बीआयए-एएलसीएल. लिम्फोमा म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर; हा स्तनाचा नेहमीचा कॅन्सर नाही. इम्प्लांटभोवती शरीर जी पातळ पिशवी तयार करतं, म्हणजे कॅप्सूल, तिच्या आतल्या पाण्यात आणि अस्तरात तो सुरू होतो, आणि टी-पेशींपासून, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींपासून, होतो.

टप्पा 1: आधी कागद, मग आकडा

पुढचं सगळं एकाच प्रश्नावर अवलंबून आहे: आत नेमकं काय बसवलंय? उत्तर आठवणीतून देऊ नका. ‘सिलिकॉनचं होतं, चांगल्या कंपनीचं होतं’ याने काही ठरत नाही, कारण आतला पदार्थ सिलिकॉन जेल आहे की सलाइन, यावर हा धोका अवलंबून नाही. बाहेरच्या कवचाचा पृष्ठभाग कसा आहे, यावर आहे.

हे गोळा करा:

1. इम्प्लांट कार्ड किंवा डिस्चार्ज पेपरवर चिकटवलेलं स्टिकर. त्यावर कंपनी, मॉडेल किंवा कॅटलॉग नंबर, सिरियल नंबर आणि लॉट नंबर असतो.
2. ऑपरेशनच्या नोंदी. डिस्चार्ज समरी पुरत नाही. तिच्यात बहुतेक वेळा ‘बायलॅटरल इम्प्लांट’ एवढंच लिहिलेलं असतं.
3. इम्प्लांट पूर्वी बदललं असेल, तर आधीच्या प्रत्येक ऑपरेशनचे हेच कागद.
4. कॅन्सरनंतर स्तन पुन्हा घडवला असेल तर टिश्यू एक्स्पांडरचीही (इम्प्लांटआधी कातडी ताणून जागा करणारी तात्पुरती पिशवी) माहिती. एक्स्पांडर काही महिनेच आत असतो म्हणून तो यादीतून सुटतो, पण टेक्श्चर्ड, म्हणजे खरखरीत पृष्ठभागाचा, एक्स्पांडर हाही इतिहासाचाच भाग आहे.

भारतात ऑपरेशन झालं असेल तर हे काम पुढे ढकलू नका. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत त्या द्याव्या लागतात. हा आजार दिसतो साधारण 7 ते 10 वर्षांनी. म्हणजे कागदांची खरी गरज पडेल तेव्हा ते ठेवण्याची सक्ती कधीच संपलेली असते. परदेशात राहणाऱ्या आणि सुट्टीत मुंबई-पुण्यात ऑपरेशन करून गेलेल्या बायकांची तर हमखास इथेच अडचण होते: तिकडचा डॉक्टर मॉडेल नंबर विचारतो आणि इकडची फाइल रद्दीत गेलेली असते.

*तपासा:* स्टिकरचा फोटो काढून स्वतःला ईमेल केला का? डाव्या आणि उजव्या बाजूचे सिरियल नंबर वेगळे असतात, दोन्ही घ्या.

टप्पा 2: पृष्ठभाग ठरवा

पृष्ठभाग ढोबळमानाने तीन प्रकारचे: गुळगुळीत, बारीक खरखरीत आणि जाड खरखरीत. पॉलियुरेथेनच्या फेसाचं आवरण असलेली इम्प्लांट्स वेगळी, पण धोक्याच्या हिशेबात ती जाड खरखरीत गटाबरोबरच धरायची.

- बायोसेल हा जाड खरखरीत पृष्ठभाग, ॲलर्गन कंपनीचा. ओल्या सिलिकॉनवर मिठाचे खडे दाबून नंतर ते धुऊन काढतात, त्यामुळे खोल खळगे तयार होतात. जुन्या कार्डावर ‘मॅकगन’ किंवा ‘इनामेड’ असं नाव असेल तर ‘माझं ॲलर्गन नाही’ म्हणून सुटका करून घेऊ नका. मालकी बदलत गेली, वंश एकच: मॅकगन, मग इनामेड, 2006 पासून ॲलर्गन, 2020 पासून ॲबव्ही.
- सिल्टेक्स हा मेंटर कंपनीचा, त्या मानाने बारीक पृष्ठभाग.
- कार्ड नसेल आणि इम्प्लांट थेंबाच्या आकाराचं असेल, तर ते टेक्श्चर्डच समजून चाला. असं इम्प्लांट आत फिरलं तर स्तनाचा आकार बिघडतो, म्हणून ते कॅप्सूलला धरून राहील असं खरखरीत बनवतात. गोल आकारावरून मात्र काहीच कळत नाही. गोल इम्प्लांट दोन्ही प्रकारांत मिळतं.

*खबरदारी:* हाताला मऊ लागतं म्हणून गुळगुळीत असेल, हा अंदाज खोटा ठरतो. आणि आज आत गुळगुळीत असलं, तरी त्याआधी टेक्श्चर्ड असेल तर तुम्ही टेक्श्चर्डच्याच गटात. निदानाच्या वेळी गुळगुळीत इम्प्लांट असलेल्या ज्या रुग्णांच्या नोंदी आल्या, त्यांत बहुतेकींचा आधीचा इतिहास टेक्श्चर्डचा होता किंवा कुणी तो लिहूनच ठेवला नव्हता.

टप्पा 3: आपल्याला लागू पडणारा आकडा निवडा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा. प्रत्येक आकडा हा अपूर्णांक असतो: वर रुग्ण, खाली ज्यांच्यातून ते मोजले त्या बायका. बातमीत वरचा आकडा येतो, खालचा गळतो.

नेदरलँड्स, सरसकट सगळी इम्प्लांट्स. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात देशभरातल्या 1990 ते 2016 च्या पॅथॉलॉजी नोंदी तपासल्या. इम्प्लांट असलेल्या 10 लाख बायकांमागे पन्नाशीपर्यंत 29 जणींना आणि सत्तरीपर्यंत 82 जणींना हा आजार होतो, असा हिशेब निघाला. पंचाहत्तरीपर्यंत एक रुग्ण होण्यासाठी 6,920 बायकांना इम्प्लांट असावं लागतं. ‘7,000 मध्ये 1’ म्हणतात ते हेच. यात गुळगुळीत आणि खरखरीत एकत्र आहेत. त्यामुळे फक्त गुळगुळीत असलेलीला हा आकडा जास्त वाटेल आणि बायोसेल असलेलीला कमी.

अमेरिका, टेक्श्चर्ड. ‘30,000 मध्ये 1’ हा 2017 चा अंदाज. म्हणजे टेक्श्चर्ड असलेल्या 10 लाख बायकांमागे 33. तो कळवलेल्या रुग्णांवर आणि बाजाराच्या अंदाजावर उभा आहे. जो रुग्ण ओळखलाच गेला नाही तो त्यात नाही, त्यामुळे याला खालची मर्यादा समजा.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, पृष्ठभागानुसार. कामाला सगळ्यात उपयोगी आकडे हे. कंपन्यांच्या विक्रीच्या आकड्यांवरून प्रत्येक पृष्ठभागाचा धोका वेगळा काढला: सिलिमेड कंपनीच्या पॉलियुरेथेनसाठी 2,832 मध्ये 1, बायोसेलसाठी 3,345 मध्ये 1, सिल्टेक्ससाठी 86,029 मध्ये 1. एकाच ‘टेक्श्चर्ड’ या शब्दाखाली पंचवीस-तीस पटींचा फरक लपलेला आहे. हेच आकडे 2017 मध्ये पॉलियुरेथेनसाठी 3,817 मध्ये 1 आणि बायोसेलसाठी 4,738 मध्ये 1 होते. मधल्या काळात इम्प्लांट जास्त घातक झाली नाहीत. वर्षं उलटली आणि डॉक्टर आजार ओळखू लागले.

न्यूयॉर्क, एका सर्जनच्या रुग्णांची मालिका. ‘355 मध्ये 1’ इथला. मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये 1992 ते 2017 या काळात जाड खरखरीत इम्प्लांट वापरून स्तन पुन्हा घडवलेल्या 3,546 बायका, त्यांत 10 रुग्ण. सगळ्या एका डॉक्टरकडच्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा असलेल्या, म्हणून रुग्ण सहसा सुटला नाही. पण या बायका कॅन्सरच्या उपचारांतून आलेल्या होत्या आणि त्यांच्यात वापरलेला पृष्ठभाग जास्त धोक्याच्या गटातला होता. सौंदर्यासाठी गुळगुळीत इम्प्लांट घातलेलीने हा आकडा स्वतःला लावू नये.

आता निवड अशी करा. बायोसेल किंवा पॉलियुरेथेन असेल तर 355 ते 3,345 मध्ये 1 हा पट्टा धरा. कॅन्सरनंतरचं ऑपरेशन असेल तर त्यातल्या 355 च्या बाजूला झुकून. सिल्टेक्ससारखं बारीक असेल तर हजारोंमध्ये नव्हे, दहा हजारांच्या पटीत विचार करा. आयुष्यभर गुळगुळीतच असेल आणि तसे कागद हाती असतील, तर यातला एकही आकडा तुमच्यासाठी नाही.

दोन आकडे बाजूला ठेवलेले बरे. पहिला, ‘422 पट धोका’. हाही त्याच डच अभ्यासातला आणि बरोबरच आहे. पण इम्प्लांट नसताना स्तनात हा लिम्फोमा 10 कोटी बायकांत वर्षाला जेमतेम 3 जणींना होतो. नगण्याची चारशे पट केली तरी मोठी रक्कम होत नाही. दुसरा, अमेरिकेच्या एफडीएकडची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एकूण नोंद: जून 2023 अखेर जगभरातून 1,264 रुग्ण आणि 63 मृत्यू. याला जगातल्या इम्प्लांटच्या अंदाजे संख्येने भागून कुणी टक्केवारी काढून दाखवली तर ती सोडून द्या. वरचा आकडा अपुरा आणि खालचा अंदाजाचा.

*तपासा:* कुठलाही आकडा वाचला की तीन प्रश्न. कुठला पृष्ठभाग? किती वर्षांचा पाठपुरावा? रुग्ण शोधून मोजले की आपणहून कळवले गेले तेवढेच मोजले?

टप्पा 4: वर्षं मोजा

धोका ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वर्षांत सारखा विभागलेला नसतो. न्यूयॉर्कच्या मालिकेत दर होता 1,000 स्त्री-वर्षांमागे 0.311. कागदावर याचा अर्थ 1,000 बायका 10 वर्षं पाहिल्या तर सुमारे 3 रुग्ण. प्रत्यक्षात त्या दहाही जणींना आजार 7.4 ते 15.8 वर्षांच्या दरम्यान झाला, मध्यक (निम्म्या जणींना याआधी, निम्म्यांना यानंतर) 11.5 वर्षं. म्हणून ‘पाच वर्षं झाली, काही नाही, म्हणजे सुटले’ हे म्हणणं उलटं आहे. टेक्श्चर्ड असेल तर सातव्या वर्षानंतर जास्त लक्ष द्यायचं.

पहिलं टेक्श्चर्ड इम्प्लांट किंवा एक्स्पांडर बसवल्याची तारीख लिहून ठेवा आणि तिथूनच मोजा. बदलल्याच्या तारखेला घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही.

टप्पा 5: काहीच त्रास नसेल तर

24 जुलै 2019 रोजी एफडीएच्या सांगण्यावरून ॲलर्गनने बायोसेलची इम्प्लांट्स आणि एक्स्पांडर जगभरातून परत मागवले. त्या वेळच्या 573 रुग्णांपैकी 481 जणींचं इम्प्लांट ॲलर्गनचं होतं. ‘परत मागवले’ या शब्दाने अनेकींचा समज झाला की आपल्या शरीरातलंही काढायलाच हवं. ते परत मागवणं न वापरलेल्या मालाचं होतं. लक्षणं नसतील तर केवळ या भीतीपोटी इम्प्लांट किंवा कॅप्सूल काढू नये, असाच सल्ला एफडीएने तेव्हा दिला. बेशुद्धीच्या ऑपरेशनचे धोके खरे असतात, आणि काढल्यावरही उरलेला धोका शून्य होतो असं नाही. तरीही कुणी विचार करून काढायचं ठरवलं तर तो तिचा हक्क आहे. फक्त घाबरून, आठवड्याभरात नको.

करायचं ते एवढं: महिन्यातून एकदा आरशासमोर दोन्ही बाजू ताडून पाहा. एका बाजूची ब्रा अचानक घट्ट होणं, जडपणा, आकारात फरक, काखेत गाठ, कातडीवर पुरळ, यांकडे लक्ष द्या. सिलिकॉन इम्प्लांट फुटलं नाही ना हे पाहायला 5-6 वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि नंतर दर 2-3 वर्षांनी एक, असं सांगतात. ती तपासणी फुटण्यासाठी आहे. लिम्फोमा पकडण्यासाठी नव्हे. वयानुसार होणारी मॅमोग्राफीही चालू ठेवा. स्तनाचा नेहमीचा कॅन्सर याच्या कितीतरी पट जास्त होतो, आणि दुर्मीळ आजाराच्या धास्तीत तीच तपासणी राहून जाते.

टप्पा 6: सूज आली तर, याच क्रमाने

ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावर एका बाजूला आलेली सूज म्हणजे ‘उशिराचा स्राव’. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: मार, जंतुसंसर्ग, फुटलेलं इम्प्लांट. पण ते साधं आहे हे सिद्ध करायचं असतं, गृहीत धरायचं नसतं.

1. मालिश नाही, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स नाहीत. ताप आणि लाली असेल तर संसर्गाचा उपचार लगेच हवाच. पण कोर्स संपूनही सूज तशीच असेल तर दुसरा कोर्स हे उत्तर नाही.
2. सोनोग्राफी, स्तनाची आणि काखेची. फॉर्मवर ‘टेक्श्चर्ड इम्प्लांट, अमुक वर्षं, नवी सूज’ असं लिहून घ्या. इम्प्लांटभोवती 5-10 मिली पाणी असणं नॉर्मल असू शकतं. सोनोग्राफी पाणी चांगलं पकडते, कॅप्सूलमधली गाठ मात्र निम्म्याहून अधिक वेळा सुटते. शंका राहिली तर एमआरआय. नुसती मॅमोग्राफी इथे पुरत नाही.
3. सोनोग्राफीखाली पाणी काढणं. अंदाजाने सुई घालू नये, इम्प्लांट फुटतं. शक्य तितकं सगळं पाणी काढायचं, किमान 50 मिली तरी. पहिल्या खेपेच्या पाण्यात पेशी सर्वांत जास्त सापडतात; नंतर पुन्हा साठलेलं पाणी पातळ असतं.
4. पाण्याची वाटणी. एक भाग सायटोलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणं) आणि सेल ब्लॉकसाठी (पेशी एकत्र गोठवून केलेली वडी), एक फ्लो सायटोमेट्रीसाठी (यंत्राने पेशींवरच्या खुणा मोजणं), थोडं कल्चरसाठी (जंतू आहेत का ते पाहायला). फ्लोसाठीचं पाणी ताजं, फॉर्मेलिन न घालता, त्याच दिवशी लॅबमध्ये पोचलं पाहिजे. त्यामुळे लॅबला आधी फोन करा आणि शनिवारी दुपारी पाणी काढायला बसू नका.
5. गाठ दिसली तर तिचा कोअर बायोप्सीने, म्हणजे जाड सुईने, तुकडा.

*खबरदारी:* लॅबच्या फॉर्मवर ‘सीडी30 तपासा, बीआयए-एएलसीएल आहे का’ हे शब्द हवेतच. सीडी30 ही या लिम्फोमाच्या पेशींवर दिसणारी प्रथिनाची खूण. ते नसतील तर नेहमीची सायटोलॉजी होते, रिपोर्ट येतो ‘दाहक पेशी’, आणि सगळे निर्धास्त होतात. या आजाराची निदानं सुटतात ती मुख्यतः इथेच.

*खबरदारी:* पाण्याचा रिपोर्ट येण्याआधी इम्प्लांट बदलण्याचं ऑपरेशन करू नका. आत लिम्फोमा निघाला तर अर्धवट काढलेली कॅप्सूल आणि त्यात बसवलेलं नवं इम्प्लांट, दोन्ही पुन्हा उघडावं लागतं.

टप्पा 7: रिपोर्ट वाचताना

निदानाला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकाच्या पेशी, त्या पेशींवर सीडी30 ठळक आणि सरसकट, आणि त्या एकाच टी-पेशीच्या वंशातल्या असल्याचा पुरावा. एएलके (काही लिम्फोमांत दिसणारं दुसरं प्रथिन) निगेटिव्ह असतं. ‘निगेटिव्ह’ शब्द पाहून खूश होऊ नका आणि घाबरूही नका. इथे तो फक्त प्रकार सांगतो.

नुसत्या तुरळक पेशी सीडी30 पॉझिटिव्ह असतील तर तो कॅन्सर नव्हे; दाहातही असं दिसतं. उलट, रिपोर्टमध्ये ‘पेशी अपुऱ्या’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आजार नाही असा नाही, तपासणी झाली नाही असा आहे. तेव्हा नमुना पुन्हा द्या. शंका असेल तर स्लाइड आणि ब्लॉक घेऊन लिम्फोमाचं काम रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं दुसरं मत घ्या. ब्लॉक मागितला की लॅबने तो द्यायला हवा. पावती करून घ्या.

टप्पा 8: निदान पक्कं झालं तर

ऑपरेशनच्या आधी पेट-सीटी, म्हणजे आजार शरीरात कुठवर पसरलाय ते दाखवणारा स्कॅन. नंतर केला तर जखम भरतानाची जळजळही स्कॅनवर उजळते आणि काय उरलंय ते कळत नाही. प्लास्टिक सर्जन एकटा पुरत नाही. कॅन्सर सर्जन आणि लिम्फोमाचा तज्ज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत हवेत.

ऑपरेशन म्हणजे इम्प्लांट, संपूर्ण कॅप्सूल आणि गाठ असेल तर तीही, कडेला आजाराच्या पेशी उरणार नाहीत अशा रीतीने काढणं. कॅप्सूलचा तुकडा ‘नमुना म्हणून’ काढणं हा उपचार नव्हे. काढलेल्या कॅप्सूलला दिशेच्या खुणा करून ती अख्खी पाठवतात आणि पॅथॉलॉजिस्ट तिच्या सहा बाजूंमधून मिळून 12 तुकडे तपासतो. सगळा स्तन काढायची सहसा गरज नसते. दुसऱ्या बाजूचं इम्प्लांटही काढावं का, हे आधीच विचारा: 2016 च्या अमेरिकी अभ्यासात 4.6% रुग्णांत दोन्हीकडे आजार निघाला होता.

आजार कॅप्सूलच्या आत असेल आणि पूर्ण निघाला असेल, तर बहुतेक वेळा केमो लागत नाही. पसरलेला असेल तर सीएचओपी (चार औषधांची केमो) किंवा ब्रेंटक्सिमॅब व्हेडोटिन (सीडी30 वर नेम धरणारं औषध) यांचे उपचार येतात. त्याच अभ्यासातल्या 87 रुग्णांत 5 वर्षांनी जगण्याचं प्रमाण 89% होतं. पाठपुरावा पहिली 2 वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी.

टप्पा 9: कळवा

वरचे बरेच आकडे कळवलेल्या रुग्णांवर उभे आहेत. भारतात वैद्यकीय उपकरणांच्या त्रासाची नोंद मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाकडे, म्हणजे गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे करतात. रुग्णही स्वतः करू शकतो. त्यासाठी कंपनी, मॉडेल, सिरियल आणि लॉट नंबर लागतील. स्टिकर हरवलं असेल तर ऑपरेशनपूर्वीच सर्जनला सांगून ठेवा: काढलेलं इम्प्लांट टाकून द्यायच्या आत त्याच्या मागच्या बाजूला उठवलेल्या नाव-नंबरांचा, डावं-उजवं लिहिलेल्या चिठ्ठीसकट, फोटो काढून घ्या.